रुमाल टाकलेली जागा

मध्य प्रदेशातल्या सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मतदारांनी दोन वर्षांच्या आत तीन खासदार पाहिले. १९९६च्या उन्हाळ्यात अलका नाथ, फेब्रुवारी १९९७मध्ये सुंदरलाल पटवा आणि १९९८च्या सुरुवातीला कमलनाथ. मतदारसंघ तोच, मतदान केंद्रं तीच, बोटाला लागणारी शाईही तीच. या तीन निवडणुकांतली मधली होती पोटनिवडणूक, आणि छिंदवाडा लोकसभा मतदारसंघाच्या इतिहासात तिच्याइतकी विलक्षण दुसरी नाही.

विलक्षण म्हणायचं कारण हा मतदारसंघ आहे तरी कसला ते आधी बघा. १९७७ साली आणीबाणीनंतरच्या लाटेत उत्तर भारतातून काँग्रेस वाहून गेली. छत्तीसगड पोटात असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेशात लोकसभेच्या ४० जागा होत्या. काँग्रेसच्या हाती लागली फक्त एक, आणि ती छिंदवाड्याची. गार्गीशंकर मिश्र तिथून २,३६९ मतांनी निसटते निवडून आले. १९५२पासून तोवर इथे दुसरा पक्ष जिंकलेला नव्हता आणि पुढेही वीस वर्षं जिंकला नाही. १९८०पासून कमलनाथ. इंदिरा गांधींनी त्यांची ओळख आपला तिसरा मुलगा म्हणून करून दिली होती, ही गोष्ट त्या भागात आजही सांगितली जाते. एवढा पक्का गड एका फेब्रुवारीत पडला आणि वर्षभरात परत उभा राहिला. हे झालं कसं?

आधी जागा रिकामी का झाली ते पाहू. १९९६च्या जानेवारीत नेत्यांना पैसे दिल्याच्या डायरीतल्या नोंदींचं जैन हवाला प्रकरण पेटलं. डायरीत नाव आलेल्या नेत्यांना काँग्रेसने त्या निवडणुकीत तिकीट नाकारलं आणि त्यांत कमलनाथही होते. (ही प्रकरणं पुढे न्यायालयात टिकली नाहीत, पण निवडणूक न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नसते.) कमलनाथांच्या जागी त्यांच्या पत्नी अलका नाथ उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मग वर्ष व्हायच्या आत त्यांनी राजीनामा दिला आणि कमलनाथ स्वतः त्या जागेसाठी उभे राहिले.

लाल डब्याच्या एस.टी.ने प्रवास केलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, आणि मग सावकाश दारातून चढून त्या रुमालावर हक्क सांगायचा. बहुतेक वेळा लोक तो हक्क मानतात. प्रश्न फक्त एवढाच, की रुमाल उचलून कुणी खाली बसलं तर?

हा खेळ काही छिंदवाड्यात जन्मला नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडच्या ग्रामीण मतदारसंघांत तो अगदी उघडपणे खेळला गेला, तोही मोठमोठ्या माणसांकडून. १९२८ साली कॉर्नवॉलच्या टोकाला असलेल्या सेंट आइव्हज मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. मासेमारांची आणि कथलाच्या खाणींची ही वस्ती. तिथले हुजूर पक्षाचे खासदार न्यायाधीश झाल्याने जागा मोकळी झाली होती. लिबरल पक्षाचे वजनदार नेते वॉल्टर रन्सिमन यांना ती हवी होती, पण ते आधीच स्वान्सी वेस्टचे खासदार होते. तेव्हा त्यांच्या पत्नी हिल्डा रन्सिमन उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. ब्रिटिश लोकसभेत एकाच वेळी बसलेलं पहिलं जोडपं म्हणून दोघांची नोंद झाली. पुढच्या वर्षी सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा हिल्डाबाईंनी सेंट आइव्हज नवऱ्यासाठी मोकळं केलं आणि स्वतः टॅव्हिस्टॉकला गेल्या. वॉल्टर आले निवडून. हिल्डाबाई मात्र टॅव्हिस्टॉकला अवघ्या १५२ मतांनी पडल्या. रुमालाची जागा राखली गेली, पण रुमाल टाकणारीला स्वतःची जागा मिळाली नाही.

त्याहून मासलेवाईक गोष्ट रूथ डाल्टन यांची. मजूर पक्षाचे ह्यू डाल्टन, जे १९४५मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री झाले, लंडनमधल्या पेकमचे खासदार होते. तिथल्या पक्षकार्यकर्त्यांशी त्यांचं जमेना, म्हणून पुढच्या निवडणुकीसाठी त्यांनी डरहम परगण्यातलं बिशप ऑकलंड ठरवून ठेवलं. तेवढ्यात तिथले खासदारच वारले. आता आली पंचाईत. ह्यू लगेच उभे राहायचे तर पेकम सोडावं लागणार, आणि पेकम सोडलं की तिथेही पोटनिवडणूक. म्हणून फेब्रुवारी १९२९मध्ये रूथबाई उभ्या राहिल्या, मोठ्या मताधिक्याने निवडून आल्या, आणि संसद विसर्जित झाल्यावर बाजूला झाल्या. त्यांची खासदारकी भरली ९२ दिवसांची. मे महिन्यात त्याच जागेवर ह्यू निवडून आले. लंडनच्या नगर परिषदेतलं काम बाईंना जास्त आवडायचं. पार्लमेंटमध्ये राहण्याची हौस त्यांना मुळीच नव्हती.

आणि एक रुमाल मात्र मालकच झाला. १९२१ साली लिंकनशरमधल्या लाउथ या शेतकरी मतदारसंघाचे खासदार टॉम विंट्रिंगम अचानक गेले. पक्षाने त्यांच्या पत्नी मार्गारेट यांना उभं केलं. दुखवट्यात असल्यामुळे बाईंनी प्रचारात एकही भाषण केलं नाही. सभांना यायच्या, बसायच्या, जायच्या. बोलायचं काम त्यांच्या बहिणींनी आणि पक्षातल्या लोकांनी केलं. मतदारांनी या न बोलणाऱ्या उमेदवाराला निवडून दिलं. नॅन्सी ॲस्टर त्यांच्या आधी सभागृहात आल्या होत्या, पण त्या जन्माने अमेरिकन. इंग्लंडमध्ये जन्मलेली आणि सभागृहात प्रत्यक्ष बसलेली पहिली स्त्री खासदार म्हणजे ही मार्गारेट. सभागृहात गेल्यावर मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. दोन सार्वत्रिक निवडणुका त्यांनी स्वतःच्या बळावर जिंकल्या आणि १९२४पर्यंत लाउथ राखलं.

लाउथच्या शेतकऱ्यांनी मार्गारेटला मत दिलं त्या वर्षी सौंसरच्या शेतकऱ्याला मत होतं का? बहुतेकांना नव्हतं. १९२०मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेची पहिली निवडणूक झाली. सुमारे २४ कोटींच्या ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी मतदार होते साधारण ९ लाख. १९३४च्या निवडणुकीपर्यंत हा आकडा १४ लाखांच्या आसपास पोचला. मत हवं तर ठरावीक सारा भरणारी जमीन हवी, नाहीतर आयकर भरण्याइतकी कमाई. म्हणजे गावातला मालगुजार मतदार, आणि त्याच्या शेतात कापूस वेचणारी बाई कुणाच्याच हिशेबात नाही. सौंसर ज्यात होतं त्या मध्य प्रांताने प्रांतिक कौन्सिलसाठी स्त्रियांना मताधिकार दिला तो १९२७मध्ये, आणि मालमत्तेची अट त्यांनाही होतीच.

त्यात आणखी एक तऱ्हा. छिंदवाडा जिल्हा तेव्हा नर्मदा विभागात मोडायचा. केंद्रीय विधानसभेसाठी मध्य प्रांताचे सर्वसाधारण मतदारसंघ दोनच, एक नागपूर विभाग आणि दुसरा सरळसरळ ‘हिंदी विभाग’ या नावाचा. सौंसर तहसील घरीदारी मराठी बोलणारी, बाजार नागपूरचा, सोयरिकी काटोल-सावनेरच्या, आणि मत मात्र हिंदी विभागात. १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हाही छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. सरकारी कागदांनी या पट्ट्याला कायम हिंदीत गणलं, तरी इथला पोळा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणारी पांढुर्णा-सावरगावची गोटमार काही कागद बघून चालत नाही.

नागपूर विभागाने मात्र त्या काळातला जागाबदल जवळून पाहिला. १९३४मध्ये निवडून आलेले बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर १९३५च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी डॉ. ना. भा. खरे केंद्रीय विधानसभेत गेले आणि दोन वर्षांत मध्य प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.

आता परत १९९७कडे. या पोटनिवडणुकीमागे कायद्याची एक गोष्ट आहे आणि ती फार कमी जणांच्या लक्षात आहे. रिकामी जागा किती दिवसांत भरायची याला आपल्या कायद्यात पूर्वी मुदतच नव्हती. सरकारला हरण्याची धास्ती असेल तर जागा महिनोन्‌महिने ओस पडायची. १ ऑगस्ट १९९६पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात १५१-क हे कलम आलं. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. सूट दोनच बाबतींत. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर, किंवा एवढ्या वेळात निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्राशी सल्लामसलत करून नमूद केलं तर. त्याच दुरुस्तीने प्रचाराचे दिवसही कमी करून १४वर आणले आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त जागा लढवायला बंदी केली. छिंदवाड्याची पोटनिवडणूक या नव्या नियमाखाली झालेल्या अगदी सुरुवातीच्या निवडणुकांपैकी. ब्रिटनमध्ये खासदाराला तर राजीनामाच देता येत नाही. राजाच्या एका नावापुरत्या हुद्द्यावर नेमणूक मागायची आणि त्या हुद्द्यामुळे अपात्र ठरायचं, अशी तिथली शतकांची वहिवाट. आपल्याकडे सभापतींना सहीचं पत्र द्यायचं, त्यांनी ते स्वीकारलं की झालं.

भाजपने कमलनाथांसमोर साधा उमेदवार दिला नाही. सुंदरलाल पटवा दोनदा मुख्यमंत्री झालेले, वयाची सत्तरी ओलांडलेले, मूळचे नीमचकडच्या कुकडेश्वरचे, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. १९९२च्या डिसेंबरमध्ये बाबरी मशीद पडल्यावर त्यांचं सरकार बरखास्त झालं होतं. कमलनाथ जन्माने कानपूरचे, शिकले डेहराडून आणि कलकत्त्यात. गंमत म्हणजे सौंसरच्या मराठी मतदाराच्या दृष्टीने दोघेही बाहेरचेच. भोपाळमध्ये सरकार काँग्रेसचं, दिग्विजय सिंहांचं. दिल्लीत देवेगौडांचं, तेही काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर. पोटनिवडणुकीत सरकारी पक्षाचं पारडं जड असतं म्हणतात. तसं इथे ते असायला हवं होतं.

फेब्रुवारी म्हणजे या पट्ट्यात कामाचे दिवस. कापसाची शेवटची वेचणी, घाटे भरलेला हरभरा, मृग बहाराची संत्री तोडणीला आलेली. मतदान यंत्रं तेव्हा इथे आलेली नव्हती. हातात मिळायचा पांढरा कागद, कारण लोकसभेची मतपत्रिका पांढरी आणि विधानसभेची गुलाबी. शिक्का असायचा वळत्या फाट्यांच्या फुलीचा. ही फुली तशी का, हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो. कागद दुमडल्यावर ओली शाई समोरच्या दुसऱ्या चिन्हावर उमटू शकते. साध्या फुलीचा ठसा दोन्हीकडे सारखाच दिसेल आणि मत बाद ठरेल. फाटे एकाच दिशेला वळवले की खरा शिक्का आणि उमटलेली त्याची उलटी छाया यांतला फरक मोजणाऱ्याला लगेच कळतो. म्हणून कागद आधी उभा आणि मग आडवा दुमडायचा, अशी सूचनाही असायची. एका अडाणी म्हातारीचं मत वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी किती बारकाईने विचार केला होता, बघा!

त्या कागदांनी निकाल दिला पटवांच्या बाजूने, ३७,६८० मतांनी. कमलनाथांच्या लोकसभेच्या कारकिर्दीतला हा एकुलता एक पराभव.

का? याला एकच कारण द्यायला मी धजणार नाही. पटवा मोठा माणूस, भाजपने ताकद लावली, हे आहेच. पण मला वाटतं, पोटनिवडणुकीचा स्वभावच इथे कामाला आला. सार्वत्रिक निवडणुकीत मतदारापुढे दहा प्रश्न एकाच कागदावर येतात. पंतप्रधान कोण, सरकार कुणाचं, आपल्या जातीचा कोण, निवडून आलेला कामं करील का. या गर्दीत ‘ही जागा तुझी आहे का’ हा प्रश्न दबून जातो. पोटनिवडणुकीत बाकीचे सगळे प्रश्न गळून पडतात. १९९७च्या त्या मताने ना दिल्लीचं सरकार पडणार होतं, ना भोपाळचं. १९९६च्या निवडणुकीत १६१ जागा मिळवून आणि वाजपेयींचं १३ दिवसांचं सरकार पाहून झालेल्या भाजपला एक खासदार वाढला तरी फरक शून्य. म्हणजे मतदाराला धोका काहीच नाही. मनातलं बोलायला इतकी मोकळी जागा दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत मिळते? आणि पुसलेलं नेमकं एवढंच होतं, की तुम्ही वर्षापूर्वी पाच वर्षांसाठी जिला निवडलं तिला उठवून मी बसतोय, चालेल का?

सेंट आइव्हज आणि बिशप ऑकलंडच्या मतदारांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. रन्सिमन आणि डाल्टन दोघेही बायकांना उठवून पोटनिवडणुकीला उभे राहिले नाहीत. मुदत संपू दिली, सार्वत्रिक निवडणुकीच्या गर्दीतून आत शिरले. छिंदवाड्यात गाडी चालू असताना रुमाल उचलला गेला. माझ्या मते सगळा फरक तिथे पडला.

याला पुरावा म्हणून पुढचं वर्ष बघा. ११वी लोकसभा डिसेंबर १९९७मध्ये विसर्जित झाली आणि पटवांची छिंदवाड्याची खासदारकी दहा महिन्यांत आटोपली. १९९८च्या निवडणुकीत परत तेच दोघे आमनेसामने. ते वर्ष मध्य प्रदेशात भाजपचं होतं. ४०पैकी ३० जागा त्यांच्या, काँग्रेसच्या १०. आणि भाजपच्या त्या भर बहरात छिंदवाड्याने पटवांना १,५३,३९८ मतांनी घरी पाठवलं. लाट उलटी असताना एवढा फरक पडतो, तेव्हा आदल्या वर्षीचा राग पक्षावर नव्हता असंच म्हणावं लागतं. राग एका कृतीवर होता, तो काढून झाला, हिशेब मिटला. पटवा पुढे १९९९ला होशंगाबादमधून निवडून आले आणि केंद्रात मंत्री झाले.

जागा सोडण्या-धरण्याचे खेळ त्यानंतर या जिल्ह्यात थांबले असं नाही. डिसेंबर २०१८मध्ये कमलनाथ मुख्यमंत्री झाले. सहा महिन्यांत आमदार होणं घटनेने भाग होतं. छिंदवाड्याचे आमदार दीपक सक्सेना यांनी जागा रिकामी केली, आणि २९ एप्रिल २०१९ला वडील विधानसभेच्या पोटनिवडणुकीत आणि मुलगा नकुलनाथ लोकसभेला, असं एकाच दिवशी मतदान झालं. या वेळी लोकांनी मानलं. राज्याचा मुख्यमंत्री आपल्या गावचा होणार होता, प्रश्नच वेगळा होता. वडील २५,८३७ मतांनी आले, मुलगा ३७,५३६ मतांनी. मुलाच्या या विजयाच्या आणि बापाच्या १९९७च्या पराभवाच्या फरकात अंतर आहे अवघ्या १४४ मतांचं. योगायोगच, पण आकडे असे शेजारी बसले की माणूस दोनदा वाचतो.

त्या विधानसभा पोटनिवडणुकीत हरलेले भाजपचे विवेक ‘बंटी’ साहू २०२४ला लोकसभेसाठी उभे राहिले आणि नकुलनाथांना १,१३,६१८ मतांनी पाडून गेले. जेमतेम सहा महिने आधी याच मतदारसंघातल्या सातही विधानसभा जागा, सौंसर आणि पांढुर्णा धरून, काँग्रेसने जिंकल्या होत्या. मग त्या सातांपैकी अमरवाड्याचे काँग्रेस आमदार कमलेश शाह यांनी राजीनामा देऊन पक्ष बदलला. जुलै २०२४मध्ये ते त्याच जागेसाठी पोटनिवडणुकीला भाजपकडून उभे राहिले आणि ३,०२७ मतांनी कसेबसे वाचले.

आता पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. २०२३मध्ये सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या काढून तो झाला. लोकसभेला मात्र दोघींचं मत अजूनही छिंदवाड्यातच पडतं. आणि तिथे १९९७नंतर लोकसभेची पोटनिवडणूक झालेली नाही. मुख्यमंत्री झाल्यावर कमलनाथांनी लोकसभेची जागा सोडली तेव्हा ती होऊ शकली असती, पण सभागृहाची मुदत वर्षापेक्षा कमी उरली होती आणि १५१-क कलमाच्या सवलतीमुळे जागा तशीच रिकामी राहिली.